विद्यार्थी, बिऱ्हाड आणि कुत्रे



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याने परक्या शहरात भाड्याची खोली शोधली नसावी. आणि शोधली असली तरी आपल्याबरोबर एक कुत्रे घेऊन तर खचितच शोधली नसावी. नाहीतर या म्हणीला त्याला तिसरे कलम जोडावे लागले असते. आजचे माझे बोलणे या तिसऱ्या कलमाविषयी आहे. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी विद्यापीठात गेलेल्या मुलामुलींनी मोठ्या शहरात परवडेल असे बिऱ्हाड कसे शोधावे, आणि सोबत कुत्रे असल्यास काय करावे, हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु त्यात पैशाचा हिशेब आहे, कायदा आहे, शेजारधर्म आहे, आणि मुक्या जिवाविषयीचे आपले कर्तव्यही आहे.

मी शिरोळचा राहणारा. मॅट्रिकच्या पलीकडे माझी मजल गेली नाही, आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेत झाली. तेव्हा विद्यापीठाविषयी बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार इतकाच, की माझ्या हाताखालून गेलेली कित्येक मुले पुढे पुण्यामुंबईस शिकावयास गेली, आणि जाताना, “गुरुजी, राहावयाचे कोठे?” हा एकच प्रश्न मला विचारून गेली. कोणता विषय घ्यावा, कोणता प्राध्यापक चांगला, हे त्यांनी मला कधी विचारले नाही. राहण्याचे मात्र विचारले.

आमच्या भागात कुत्रे पाळतात असे कोणी म्हणत नाही, कुत्रे असते. ते मळ्यातल्या वस्तीवर असते, गोठ्याच्या तोंडाशी असते, उसाच्या फडात माणसामागून हिंडते, आणि शिळ्या भाकरीच्या मोबदल्यात रात्रभर राखण करते. शिरोळास नृसिंहसरस्वतींच्या भोजनपात्राचे स्थान आहे, आणि जवळच नरसोबाची वाडी. दत्ताची तसबीर नाही असे घर या भागात विरळा, आणि त्या तसबिरीत देवाच्या पायांशी चार कुत्री बसलेली असतात. जाणते लोक त्यांस चार वेद म्हणतात. लहान मुले मात्र त्यांस कुत्रीच समजतात व त्यांची नावे ठेवतात. अशा मुलखातील मूल शहरात जाते आणि तेथे त्याला प्रथम कळते, की कुत्रे ही परवानगी मागण्याची गोष्ट आहे.

शिकणाऱ्याने राहावे कोठे, हा प्रश्न नवा नाही. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, वार लावून जेवत आणि एखाद्या वाड्याच्या ओसरीवर वळकटी टाकत. आमच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी या प्रश्नास मुळापासून हात घातला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच साली जैन विद्यार्थ्यांचे बोर्डिंग निघाले; १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांची सोय झाली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील याच कोल्हापुरात बोर्डिंगमध्ये राहून शिकले, आणि पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. या सर्व खटाटोपामागे एक साधा विचार होता. मूल हुशार आहे, शाळा उत्तम आहे, फीही माफ आहे. परंतु रात्री पाठ टेकावयास जागा नसेल तर हे सारे व्यर्थ आहे.

आज वसतिगृहे पुष्कळ आहेत, परंतु विद्यार्थी त्याहून पुष्कळ आहेत. गणेशखिंडीत जुन्या गव्हर्नरच्या बंगल्याभोवती १९४९ साली स्थापन झालेले पुण्याचे विद्यापीठ घ्या. त्याचे आवार चारशे एकरांहून मोठे आहे. तरीही तेथे येणाऱ्या प्रत्येकास त्या आवारात खाट मिळत नाही. ज्यास मिळत नाही तो औंध, बाणेर, पाषाण या बाजूंस पाहतो, आणि भाडे ऐकून खडकी, बोपोडी, दापोडी, सांगवीकडे वळतो. एम.एस्सी. किंवा एम.ए. करणाऱ्याच्या खिशात बहुधा घरून आलेले पैसे असतात. पीएच.डी. करणाऱ्यांपैकी ज्यांस राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळते, त्यांस २०२३ पासून महिन्यास ३७,००० रुपये मिळू लागले. परंतु अशी भाग्यवान मुले थोडी. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने स्वाधार योजना काढली, तेव्हा पुण्यामुंबईसारख्या शहरांत जेवण, राहणे व इतर खर्च मिळून वर्षास ६०,००० रुपये ठरविले. म्हणजे महिन्यास पाच हजार झाले. त्यात मेसचे पैसे वजा घातले म्हणजे उरलेल्यात खोली मिळत नाही, मिळते ती फक्त खाट. म्हणूनच पुण्यात ‘कॉट बेसिस’ हा शब्द रूढ झाला आहे. खोलीत चार खाटा आणि एक खाट आपली.

आता या एका खाटेशेजारी कुत्रे कोठे बसणार? वसतिगृहात त्यास प्रवेश नसतो, आणि एका खोलीत तिघे-चौघे राहणार असतील तर तो नसावा हेच योग्य. हा नियमही जुना आहे. इंग्रज कवी बायरन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना तेथे कुत्रे ठेवण्यास मनाई होती. तेव्हा त्याने अस्वल आणून ठेवले, कारण अस्वलाविषयी नियमात काही लिहिलेले नव्हते, असे सांगतात. बायरन लॉर्ड होता, त्याचे चालून गेले. आपल्या मुलांनी या वाटेस जाऊ नये.

आता एक घडलेली हकीकत सांगतो. माझ्या थोरल्या बंधूंची नात पुण्यास एम.एस्सी.ला गेली. पहिले वर्ष तिने वसतिगृहात काढले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तालुक्यातील गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली होती. पाणी ओसरल्यावर चिखलात एक पिल्लू सापडले, ते या मुलीने घरी आणले. त्याचे नाव मोत्या. ती पुण्यास गेल्यावर मोत्या माझ्या बंधूंजवळ राहिला. पुढच्या उन्हाळ्यात बंधू निवर्तले. मुलगा इचलकरंजीस नोकरीला, दोन खोल्यांत राहणारा. गावच्या घरास कुलूप लागले. मोत्या त्या कुलपाखाली पायरीवर बसून राही. मी त्यास आमच्या घरी आणला, परंतु आमच्या दोन कुत्र्यांनी त्यास गोठ्याशी उभे राहू दिले नाही. दुसऱ्या वर्षाच्या आरंभी ती मुलगी आली, दोन दिवस राहिली आणि म्हणाली, “आप्पा, मी याला घेऊन जाते. वसतिगृह सोडते.”

घरातील वडीलधाऱ्यांनी तिची समजूत घातली. कुत्र्यासाठी कोणी शिक्षणाची सोय सोडते काय, असे सर्वांचे म्हणणे. तिचे म्हणणे असे, की पाच वर्षे ज्याला घरचा म्हटले त्याला घर बंद झाल्यावर रस्त्यावर सोडावयाचे, तर घरचा म्हणण्यात अर्थ काय राहिला? मी मास्तर मनुष्य. दोन्ही बाजू ऐकण्याची सवय. मला तिचे म्हणणे पटले. पटले म्हणजे काम झाले असे मात्र नव्हे. त्यानंतर पाच आठवडे आम्ही दोघे बिऱ्हाड शोधीत होतो. ती पुण्यात पायी, आणि मी शिरोळातून टेलिफोनवर.

या पाच आठवड्यांत जी उत्तरे मिळाली त्यांचा संग्रह करण्यासारखा आहे. एकाने मुलगी एकटी आहे म्हणून नाकारले, दुसऱ्याने ती मांसाहार करते काय असे विचारून मग कुत्र्याचे ऐकले. तिसऱ्याने डिपॉझिट दुप्पट सांगितले. एका सोसायटीच्या चिटणिसांनी, येथे कुत्रे आणण्यास सभेत ठराव करून बंदी घातली आहे, असे सांगितले. आणि एका एजंटाने, एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेण्याचे ठरवून, वर सल्ला दिला, “कुत्र्याचे सांगूच नका. राहावयास गेल्यावर आणा. एकदा सामान लागले म्हणजे कोण काढतो?” या सल्ल्याचा तिला मोह झाला होता. मी तिला इतकेच म्हटले, की लपविलेले कुत्रे पहिल्याच रात्री भुंकते.

येथे कायद्याचे दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण याविषयी लोकांत दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांप्रमाणे एखाद्या सोसायटीस बहुमताने ठराव करूनही रहिवाशास कुत्रे पाळण्यास सरसकट बंदी करता येत नाही. केरळच्या उच्च न्यायालयानेही २०२१ साली अशी बंदी घालणारे नियम अवैध ठरविले. वाजवी अटी मात्र घालता येतात. तेव्हा त्या चिटणिसांचा ठराव कायद्यापुढे टिकण्यासारखा नव्हता. परंतु याचा अर्थ घरमालकाने कुत्रेवाल्या भाडेकरूस जागा दिलीच पाहिजे, असा होत नाही. सोसायटी निराळी आणि मालक निराळा. आपले घर कोणास द्यावे हे ठरविण्याची मालकास मोकळीक आहे, आणि करारात त्याने कुत्र्यास मनाई लिहिली व आपण खाली सही केली, तर ती आपणांवर बंधनकारक होते. म्हणून सोसायटीशी भांडण्यापूर्वी मालकाशी बोलावे.

दुसरी गोष्ट कराराची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे जागेचा करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदविला गेला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास, अटींविषयी तंटा उत्पन्न झाला असता, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. अकरा महिन्यांचा करार असला तरी यातून सुटका नाही. तेव्हा कुत्रे ठेवण्यास मालकाने संमती दिली असेल, तर ती संमती करारात एका ओळीने लिहून घ्यावी. तोंडी शब्द देणारे गृहस्थ भले असतात; परंतु पुढे त्यांचे चिरंजीव परगावाहून येतात आणि मग शब्द कोणी दिला होता हा प्रश्न निघतो.

तिसरी गोष्ट पुष्कळांस ठाऊक नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे पाळलेल्या जनावरास योग्य कारणावाचून वाऱ्यावर सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या अपराधास दंड दहा ते पन्नास रुपये! साठ वर्षांपूर्वी ही रक्कम काही असेल. आज तेवढ्यात चहा होतो. दंड अल्प आहे म्हणून अपराध अल्प होत नाही.

आता मालकाची बाजूही पाहू. ती पाहिली नाही तर बिऱ्हाड मिळत नाही, हा आमचा अनुभव. मालक कुत्र्यास नाही म्हणतो तेव्हा तो कुत्र्याचा द्वेष करतो असे नव्हे. त्यास भीती असते: दिवसभर भुंकेल, शेजारी तक्रार करतील, दारे ओरबाडील, जिन्यात घाण करील, कोणास चावेल. यातील प्रत्येक भीती खरी आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रोग एकदा प्रकट झाला की त्यावर उपाय नाही. तेव्हा मालकाच्या त्या भीतीस हसू नये. भीतीस उत्तर द्यावे, आणि ते कागदाने द्यावे. लशीची नोंदवही बरोबर ठेवावी; रेबीजची लस दर वर्षी टोचून घ्यावी. महापालिकेचा परवाना काढावा. नसबंदी केली असल्यास डॉक्टरचा दाखला घ्यावा. पूर्वी जेथे राहिला असाल तेथील मालकाची चार ओळींची चिठ्ठी मिळाल्यास उत्तम. आणि नुकसान झाल्यास ते भरून देईन, असे आपण होऊन करारात लिहून द्यावे. आमच्या मुलीने हे सारे कागद एका फाइलीत लावले, आणि मोत्याची फाइल तिच्या स्वतःच्या फाइलीपेक्षा जाड झाली.

जागा कोठे शोधावी? उंच इमारतीत शोधू नये. जेथे उद्‌वाहनात दहा माणसे दिवसातून चार वेळा कुत्र्याशेजारी उभी राहणार, तेथे दहा मने राखावी लागतात. जुनी बंगली, बैठे घर किंवा स्वतंत्र दाराची तळमजल्यावरील खोली पाहावी. तेथे एकच मन राखावे लागते. विद्यापीठाच्या अगदी दाराशी राहण्याचा हट्ट सोडावा; बस किंवा लोकल जेथवर जाते तेथवर थोडे दूर गेले म्हणजे भाडे उतरते. मात्र जितके दूर जाल तितका वेळ कुत्रे एकटे राहील, हाही हिशेब मांडावा. जून-जुलईत नवीन विद्यार्थ्यांची झुंबड उडते, तेव्हा मालक निवड करतो. त्याच्या आधी गेल्यास आपणांस निवड करता येते. आणि सर्वांत उपयोगी गोष्ट ही, की एजंटापेक्षा जनावरांच्या डॉक्टरास विचारावे. कोणत्या घरात कुत्रे होते, कोणाचे अलीकडे गेले, कोणास पुन्हा पाळण्याचे वय राहिले नाही, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते.

आमचे काम अखेर अशाच वाटेने झाले. सांगवीत एका डॉक्टरांनी एका वृद्ध दांपत्याचे घर सांगितले. मागच्या बाजूस एक खोली, स्वतंत्र दार, पुढे फरसबंदी अंगण. भाडे नऊ हजार, डिपॉझिट तीस हजार. त्या बाईंनी मोत्यास प्रथम पाहू द्या म्हटले. मोत्या पुण्यास गेला कसा, हाही एक प्रश्नच होता. रेल्वेत त्यास नेण्यासाठी पहिल्या वर्गाचा सबंध कुपे आपल्या नावे हवा, नाहीतर गार्डाच्या डब्यातील पेटी. दोन्ही आम्हांस नको होते. अखेर तो भाजीच्या टेंपोत, ओळखीच्या ड्रायव्हरशेजारी बसून पहाटे पुण्यास पोहोचला. बाईंनी एक महिन्याची मुदत घातली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत त्याने यावयाचे नाही अशी अट घातली, आणि करारात कुत्र्याची ओळ लिहिली. नऊ हजार एकटीस जड होते. म्हणून तिने वर्गातील एका मैत्रिणीस बरोबर घेतले, पण तीही मोत्याच्या सहवासास राजी आहे हे विचारून. दोघींचे तास निरनिराळ्या वेळी, त्यामुळे कुत्रे चार तासांपेक्षा अधिक एकटे राहत नसे. हे वर्ष स्वस्तात गेले असे मी म्हणणार नाही. अन्न, लस, औषध यांसाठी तिने शिकवण्या धरल्या, आणि दिवाळीखेरीज ती गावी आली नाही.

हे ऐकून एखाद्या तरुण श्रोत्यास वाटेल, आपणही एक पिल्लू आणावे. त्यास माझे स्पष्ट सांगणे आहे, की आणू नये. या मुलीजवळ कुत्रे आधी होते आणि बिऱ्हाड मागून आले. तिला निवड नव्हती. ज्यास निवड आहे त्याने विद्यार्थिदशेत नवे कुत्रे घेऊ नये. दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपतो, नोकरी बंगळूरास किंवा परदेशात लागते, आणि कुत्रे दहा-बारा वर्षे जगावयाचे असते. वाढदिवसाची भेट म्हणून आणलेले, बर्फाच्या मुलखातील लोकरीसारख्या केसांचे कुत्रे वैशाखात एका खोलीत धापा टाकीत असते. परीक्षा झाली की ते रस्त्यावर येते. कुत्र्याचा लळा असेल तर सुटीच्या दिवशी एखाद्या प्राणिगृहात दोन तास काम करावे, किंवा शेजारच्या आजोबांचे कुत्रे फिरवून आणावे.

आता शेवटचे बोलणे शहरातील गृहस्थांशी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मुले परदेशी गेल्यामुळे एखादी खोली बंद असेल. ती भाड्याने देताना आपण विद्यार्थ्यास दहा प्रश्न विचारतो. तो आपला हक्क आहे. अकरावा प्रश्न आला आणि त्यास तो खरे उत्तर देऊन म्हणाला, होय, माझ्याबरोबर कुत्रे आहे, तर दार लावण्यापूर्वी त्याचे कागद पाहावे, कुत्रे पाहावे, एक महिन्याची मुदत द्यावी. लपवाछपवी न करता खरे सांगणारा भाडेकरू भाडेही वेळेवर देतो, असा माझा अदमास आहे. आणि विद्यापीठांसही एक विनंती. वसतिगृहात कुत्रे घेऊ नका. परंतु आसपासच्या कोणत्या घरमालकांची कोणत्या अटींवर जागा देण्याची तयारी आहे, याची यादी विद्यार्थी-कल्याण कचेरीत ठेवता येईल. तिला फार पैसा लागत नाही. कोल्हापुरात एका काळी राजाने आणि नगरातील लोकांनी मिळून ज्या प्रश्नाचे उत्तर शोधले, त्याच प्रश्नाची ही एक लहान शाखा आहे.

त्या मुलीची परीक्षा झाली. आता ती पुण्यातच एका प्रयोगशाळेत काम करते आणि अजून त्याच खोलीत राहते. महिन्याची मुदत कधी संपली हे घरमालकीणबाईंनी विचारले नाही. मोत्या मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला आहे. पुढचे दोन पाय आत आणि मागचे बाहेर ठेवून तो बसतो, असे कळते.